रायफलचा फायबर स्टॉक बसवताय? गोव्याच्या हवेत या चुका टाळा

लाकडी स्टॉक (रायफलचा दांडा, ज्यात बाकीचं लोखंड बसतं) जाऊन सिंथेटिक आला की पावसाची कटकट संपली, असं बहुतेकजण धरून चालतात. स्टॉक लाकडासारखा फुगणार नाही, एवढंच त्यात खरं. बेडिंगचं (लोखंड स्टॉकमध्ये घट्ट बसावं म्हणून ओतलेल्या थराचं) इपॉक्सी, वरचा रंग, स्क्रू आणि आतलं लोखंड यांना जून ते सप्टेंबरची हवा पूर्वीसारखीच बाधते. साच्यातले स्वस्त स्टॉक तर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात आणि नायलॉन थोडा ओलावा पितंच. मधोमध साच्याच्या जोडाची रेघ दिसली की बहुधा असाच स्टॉक समजा.

०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपर्यंत बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलपर्यंत शक्ती असलेल्या एअर रायफलला आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. तिचं काम घरी करता येतं. परवान्याच्या रायफलचं काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या, ओळखीच्या सुताराकडे नको. दोन्हीकडे पहिलं काम एकच: रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि बोल्ट (मागून सरकवून नळी बंद करणारा दांडा) असेल तर काढून ठेवा.

होडीचं रेझिन बेडिंगला वापरणं

गोव्यात ही चूक फार सहज होते, कारण होड्यांना फायबर मारणारे सगळीकडे आहेत आणि त्यांचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्तात मिळतं. पण पॉलिएस्टर घट्ट होताना घनफळात साधारण ५ ते ८ टक्के आकसतं. ॲक्शनचा (बॅरलच्या मागचा, बोल्ट आणि ट्रिगर बसणारा लोखंडी भाग) जो ठसा हवा असतो तोच बिघडतो आणि ॲक्शन दोन-चार उंचवट्यांवर डुलत राहते. नायलॉनला तर ते नीट धरतही नाही. बेडिंगला सावकाश घट्ट होणारं दाट इपॉक्सी लागतं, स्टीलची पूड मिसळलेलं मिळालं तर उत्तम. पाच मिनिटांवालं घेऊ नका. ॲक्शन सरळ बसवेपर्यंत ते हातात गोठतं.

पॉलिएस्टरची सवय असलेला माणूस इपॉक्सीतही 'लवकर सुकेल' म्हणून हार्डनर सढळ हाताने घालतो. इथे उलटं होतं. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि थर मऊ, चिकट राहतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा आणि वजनाचं असेल तर छोट्या डिजिटल काट्यावर तोला. ३२ अंशांच्या उकाड्यात कपात १०० ग्रॅमचा गोळा करून ठेवलात तर तो स्वतःच तापून भरभर घट्ट होईल. थोडं थोडं कालवा आणि लादीच्या तुकड्यावर पसरून ठेवा.

ॲक्शन आत अडकणं

इपॉक्सी चिकटू नये म्हणून ॲक्शनला रंगहीन शू पॉलिशचे दोन हात द्या, प्रत्येक सुकल्यावर फडक्याने घासा. स्क्रूंचे आटे विसरू नका, बहुतेक वेळा तेच चिकटतात. त्याहून मोठा धोका आडव्या भोकांचा आणि खाचांचा: आत शिरलेलं इपॉक्सी खिळीसारखं अडतं, मग पॉलिश कितीही लावलेलं असो. ट्रिगरची जागा आणि प्रत्येक खाच मॉडेलिंग क्लेने बुजवा. रिकॉइल लग (ॲक्शनखालचा, धक्का स्टॉकला देणारा ठोकळा) असलेल्या रायफलीत लगच्या पुढच्या, बाजूच्या आणि खालच्या अंगाला इन्सुलेशन टेपचा एक थर लावा. मागचं अंग मात्र उघडं, कारण धक्का तिथेच बसायला हवा.

इपॉक्सी ओलं असताना स्क्रू करकचून आवळू नका. ॲक्शन किंचित वाकते आणि तो बाक कायमचा ठशात उतरतो. एवढं करूनही ॲक्शन निघाली नाही, तर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा (माशांची जागा घरच्यांना विचारून रिकामी करा). लोखंड आकसतं, मग रबरी हातोड्याने हलके ठोके देऊन ती सरळ वर काढा.

स्क्रू: नेम फिरण्याचं पहिलं कारण

बोल्ट ॲक्शन असेल तर बॅरल आणि स्टॉकच्या टोकावर एकाच वेळी बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू ढिला करा. दोन्हींमधली हालचाल बोटाला कळली तर ॲक्शन ताणाखाली आहे. डायल गेजवर ही हालचाल ०.०५ मिमीच्या आत असेल तर बेडिंग चांगलं, ०.१ च्या वर गेलं तर पुन्हा करा. बाहेर काढलेल्या स्क्रूवर एकाच बाजूला चकाकणारी घासलेली रेघ दिसते का ते पाहा. दिसली तर स्क्रू पिलरला (स्क्रूभोवतीच्या धातूच्या नळीला) टेकतोय आणि लगऐवजी धक्का तोच खातोय. ६ मिमीच्या स्क्रूला ७ मिमीचं भोक ठेवा.

स्क्रू आवळायचा टॉर्क (पिळण्याचा जोर): ॲल्युमिनियमचे पिलर असलेल्या सेंटरफायर (काडतुसाच्या मध्यावर पिन आदळणाऱ्या) रायफलला सुमारे ७.३ न्यूटन मीटर, पिलर नसलेल्या नायलॉनला ४ ते ५, आणि ०.२२ रिमफायरला (काडतुसाच्या कडेवर पिन आदळते ती) साधारण २ ते २.८ पुरतात. निर्मात्याचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का पुढेमागे दोन्हीकडे बसतो, त्यामुळे तिचे स्क्रू आपोआप सैल होतात. आट्यांवरचं तेल पुसा आणि निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब द्या. लाल लावू नका, पुढच्या वेळी स्क्रूचं डोकं झिजेल.

मागचं टोक कापून लांबी कमी करायची असेल, तर स्टॉक पोकळ आहे का ते आधी पाहा. पोकळ असेल तर कापल्यावर पॅडचे स्क्रू धरायला काही उरत नाही. आत ठोकळा इपॉक्सीने बसवावा लागतो. रेघेवर मास्किंग टेप, हॅकसॉला बारीक दाताचं ब्लेड.

रंग

घासताना वॉटर पेपर आणि पाणी वापरा, तोंडाला एन-९५ मास्क लावा. काचेची आणि कार्बनची धूळ फुप्फुसांत जायला नको. दमट दिवसात इपॉक्सीवर मेणासारखा बुळबुळीत पापुद्रा येतो. तो न धुता घासलात तर पेपर भरतो आणि वरचा रंग फिशआय (गोल खड्डे) होऊन फाटतो. आधी कोमट पाणी आणि स्क्रबर, मग १२०, २२०, ४०० नंबरचा पेपर. साच्यातल्या स्टॉकवर साच्याचं मेण राहिलेलं असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि प्लॅस्टिक प्रायमरशिवाय पुढे जाऊ नका. एसीटोन आधी आतल्या बाजूला लावून पाहा, काही प्लॅस्टिकं त्याने विरघळतात. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन) रंगातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासाठी साधा मास्क पुरत नाही, त्यासाठी योग्य रेस्पिरेटर हवा. भर पावसात स्प्रे मारला तर रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो; नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे काम करा, घाईच असेल तर एसीच्या खोलीत सुकवा.

बॅरलची खोबण आणि बेडिंग टेपने झाकून मगच रंग द्या. तीन-चार थरांनी खोबण अरुंद होते. रंग पक्का झाल्यावर एटीएम कार्ड बॅरलखालून ॲक्शनपर्यंत न अडता सरकायला हवं, आणि टोकाला हाताने दाब देऊनही.

लोखंड आणि खारी हवा

कार्बन फायबरचा स्टॉक असेल तर ॲल्युमिनियमचा पिलर थेट कार्बनला टेकू देऊ नका. खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं. मध्ये काचकापडाचा किंवा इपॉक्सीचा सलग थर ठेवा. पावसात भिजल्यावर वरून पुसून भागत नाही. पाणी बेडिंगच्या कडेने आत जातं आणि गंज ॲक्शनच्या पोटाला धरतो. ॲक्शन बाहेर काढा, सुकवा, तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि स्क्रू त्याच टॉर्कला परत आवळा. फोमच्या पेटीत ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो.