डबेवाल्यांवर केस स्टडी करायची असेल तर

व्यवस्थापनातली केस स्टडी, म्हणजे निवडक उदाहरणांचा खोलवर अभ्यास, बहुतेकदा प्रश्नापाशीच फसते. ‘मुंबईच्या डबेवाल्यांचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘किती ग्राहक समाधानी आहेत?’ यासाठी सर्वेक्षण लागतं. केस स्टडीला ‘कसं’ किंवा ‘का’ हवं: इतक्या हातांतून गेलेला डबा योग्य टेबलावर कसा पोचतो?

मग एकक, म्हणजे नेमका कशाचा अभ्यास करायचा ते, ठरवा. अभ्यास पूर्ण संघटनेचा, एका मुकादमाच्या गटाचा, की डब्याच्या एका फेरीचा? हे आधीच लिहून ठेवलं नाही, तर मुलाखती गटाच्या होतात आणि निष्कर्ष संघटनेचा निघतो. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बोट ठेवलं जातं ते नेमकं इथे.

केसेस किती घ्यायच्या? व्यवस्थापनाच्या संशोधक कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ मध्ये ४ ते १० सुचवल्या आणि तो आकडा पाठ झाला. आकड्यापेक्षा निवडीचं कारण मोठं. दोन गट असे घ्या जिथे सारखाच निकाल अपेक्षित आहे, आणि दोन असे जिथे वेगळा. उदाहरणार्थ, एकाच्या वाटेत गाडी बदलावी लागते, दुसऱ्याच्या नाही. ओळखीचे म्हणून सहा गट घेतले, तर सहाही वाया.

मुलाखतीत ‘तुमच्या चुका इतक्या कमी कशा?’ असं विचारू नका. डबेवाल्यांनी या प्रश्नाला वर्षानुवर्षं उत्तर दिलंय, तुम्हालाही तेच मिळेल. ‘शेवटचा डबा कुठे चुकला, कोणाच्या लक्षात आलं, मग काय केलं?’ असं विचारा. टिपणं त्याच रात्री पूर्ण करा. दुसऱ्या दिवशी त्यांत तुमचीच वाक्यं शिरतात.

प्रत्येक दावा उगमापर्यंत न्या. ‘फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं’ (सिक्स सिग्मा म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचं मानक) हे असंख्य लेखांत सापडतं. प्रत्यक्षात १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये त्यांच्यावर लेख आला होता, प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं. एकमेकांवरून उतरवलेले दहा लेख म्हणजे दहा पुरावे नव्हेत, एकच. खरा पडताळा मुलाखत, स्टेशनवरचं निरीक्षण आणि गटाच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर होतो.

विश्लेषणात सगळ्यात जास्त वेळ पर्यायी स्पष्टीकरणांना द्या. प्रबंधाचा कस इथे लागतो. अचूकता डब्यावरच्या खुणांमुळे, लोकलच्या वेळापत्रकामुळे, की मावळ-खेड-जुन्नरकडच्या नात्यागोत्यामुळे? प्रत्येक स्पष्टीकरण खरं असेल तर काय दिसायला हवं, ते फील्डवर जाण्याआधी लिहा. नातं हे कारण असेल, तर गोताबाहेरून आलेला नवा माणूस त्याच खुणा वाचूनही जास्त चुकायला हवा. तसं दिसलं नाही, तर ते स्पष्टीकरण सोडा, कितीही आवडतं असलं तरी.

मसुदा मुकादमाला वाचून दाखवा. तपशिलाची चूक त्यांनी सांगितली की पडताळून दुरुस्त करा. अर्थ पटला नाही, तर त्यांचं म्हणणं वेगळं नोंदवा आणि तुमचा अर्थ पुराव्यासह तसाच ठेवा.