मानसिक आजार आणि डिसॅबिलिटी विमा: पॉलिसीतली २४ महिन्यांची मर्यादा आधी शोधा

अमेरिकेत कंपनीकडून मिळणारा लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा, म्हणजे आजारामुळे दीर्घकाळ काम जमत नसेल तेव्हाचा विमा, पगाराच्या साधारण ६० टक्के रक्कम देतो. पण नैराश्य, अँक्झायटी अशा आजारांसाठी कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या बहुतेक ग्रुप पॉलिसींत ती फक्त २४ महिने मिळते, आणि हे अनेकांना पैसे थांबल्यावरच कळतं. एचआरच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर विसंबू नका. मूळ पॉलिसी लेखी मागवा आणि मर्यादांचं कलम वाचा. काही पॉलिसींत स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांना ही मर्यादा लागत नाही. ही मर्यादा मानसिक आजारांची आहे, म्हणून सोबत शारीरिक आजार असेल, तर त्यामुळे काय जमत नाही ते डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या. नुसतं निदान पुरत नाही. सलग किती वेळ लक्ष लागतं, महिन्यात किती दिवस कामावर जाणं जमत नाही, असं ठोस हवं. दावा फेटाळला, तर एरिसा (खाजगी कंपन्यांच्या कर्मचारी-लाभ योजनांसाठीचा अमेरिकी कायदा) याखालच्या योजनांत अपिलाला किमान १८० दिवस मिळतात. सगळे कागद तेव्हाच जोडा, कारण पुढे कोर्ट नवा पुरावा सहसा घेत नाही. सरकारी एसएसडीआयला (काम करू न शकणाऱ्यांसाठीचा सोशल सिक्युरिटीचा भत्ता) २४ महिन्यांची ही मर्यादा नाही, तिथेही अर्ज करा. मात्र ते पैसे सुरू झाले की विमा कंपनी बहुधा तेवढी रक्कम कापते.