बेस गिटारचा शांत सराव: हेडफोन आणि हेडफोन अ‍ॅम्प कसे निवडाल?

गिटार वाजवणारा रात्री अ‍ॅम्पचा आवाज बारीक करून सराव उरकू शकतो. बेसवाल्याचं तसं होत नाही. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झला थरथरते, आणि हवेतली तिची एक लाट आठ मीटरहून लांब असते. दार लावून, पडदे ओढून ती थांबत नाही. पलीकडच्या खोलीत सूर पोचतच नाही, नुसती धडधड पोचते, आणि झोपमोड करते ती हीच धडधड. आवाज आणखी खाली आणला तर बाकीच्यांना झोप लागते, पण तुमच्या कानातूनही खर्ज निघून जातो, कारण हळू आवाजात आपला कान सगळ्यात आधी खालचे सूर सोडतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं.

म्हणून हेडफोन. आणि माझं ठाम मत असं की आधी हेडफोन ठरवावा, मग अ‍ॅम्प. बहुतेक जण उलट करतात: छानसा अ‍ॅम्प घेतात आणि त्याला फोनसोबत मिळालेली इअरफोनची जोडी लावतात. चांगल्या हेडफोनवर साधा अ‍ॅम्पही बरा वाजतो. पण हेडफोनमधून खर्ज निघतच नसेल, तर कुठलाही अ‍ॅम्प तो आणून देऊ शकत नाही.

पहिली पायरी: घरात काय आहे ते बघा

तुमच्याकडे सरावाचा अ‍ॅम्प असेल तर त्याच्या पुढच्या किंवा मागच्या पट्टीवर ‘फोन्स’ लिहिलेला जॅक आहे का, ते पाहा. बहुतेक अ‍ॅम्पवर त्यात हेडफोन घातला की स्पीकर बंद होतो. असं असेल तर वेगळा अ‍ॅम्प घ्यायची घाई नको. ऑडिओ इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडायची पेटी) असेल तर त्याचं गिटारसाठीचं इनपुट वापरा. संगणकातून जाऊन येणारा आवाज उशिरा येत असेल तर बफर (संगणक एका वेळी किती आवाज साठवतो तो आकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर आणा, बोटांना फरक लगेच कळेल.

दोन चुका मात्र कटाक्षाने टाळा. अ‍ॅम्पच्या ‘स्पीकर’ जॅकमध्ये हेडफोन कधीही घालू नका. तिथली ताकद स्पीकर हलवण्यासाठी असते, त्यात हेडफोन जळतो आणि कानही धोक्यात येतात. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर शांततेसाठी म्हणून त्याचा स्पीकर काढून ठेवू नका. स्पीकरचा भार नसताना वाजवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

दुसरी पायरी: हेडफोन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्या. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर झिरपतो, शिवाय त्यातल्या बऱ्याच जणांचा खर्ज तळाशी पातळ होतो. बंद हेडफोनमध्ये मात्र सगळी भिस्त गादीवर असते. गादी आणि कानामागची कातडी यांच्यामध्ये फट राहिली की खालचे सूर तिथूनच निसटतात. चष्म्याची काडीसुद्धा एवढी फट पाडते. तपासणं सोपं आहे: हेडफोन घाला, मोकळी ई छेडा, आणि सूर चालू असताना दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबा. दाबल्याबरोबर खर्ज भरून आला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला नीट बसत नाही. कागदावरचे आकडे कितीही चांगले असोत, तो तुमच्यासाठी नाही. चष्मा लावत असाल तर मऊ, जाड गादीचा शोधा.

कानाच्या आत बसणारे इअरफोन पूर्ण वाईट नाहीत. रबरी टोक घट्ट बसलं तर त्यातही दणकट खर्ज मिळतो. कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे मात्र या कामाचे नाहीत. त्यांच्यातूनही ई ‘ऐकू येते’, पण ती फसवणूक असते: मूळ ४१ हर्ट्झ गायब असतात, आणि ८२, १२३ असे वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. सूर ओळखता येतो, वजन येत नाही. तुमचं बोट किती जोरात पडतंय, हेही मग कळत नाही.

पुढे ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोनचा विद्युत-अडथळा. बॅटरीवरच्या छोट्या अ‍ॅम्पसाठी ३२ ते ८० ओहमच्या आसपासचा हेडफोन घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, सोनीचा एमडीआर-७५०६ ६३ ओहमचा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो, त्यामुळे घेताना खोक्यावरचा आकडा वाचाच. २५० ओहमचा स्टुडिओत उत्तम वाजतो. पण खिशातला अ‍ॅम्प त्याला पुरेसा व्होल्टेज देऊ शकत नाही, आवाज दबतो आणि वाढवला की फाटतो.

‘एक्स्ट्रा बेस’ लिहिलेले हेडफोन मी सरावासाठी घेऊ नका म्हणेन. त्यात काही सूर उगाच फुगतात. तुमचा हात असमान पडत असेल तरी सगळं भरदार वाटतं, आणि खरा अ‍ॅम्प समोर आला की चुका उघड्या पडतात.

तिसरी पायरी: अ‍ॅम्प

१९८२ मध्ये ‘बोस्टन’ बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ यांनी रॉकमन बाजारात आणला. कमरेला लावायचा, हेडफोनवर ऐकायचा तो छोटा अ‍ॅम्प होता. आजचे प्रकार त्याच कल्पनेतून वाढले. एक, थेट बेसच्या जॅकमध्ये खोचायचे, व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लग बेससारखे. दोन, टेबलावर ठेवायचे. तीन, झूमच्या बी१ फोरसारखे मल्टी-इफेक्ट (आवाजाला तऱ्हेतऱ्हेचे रंग देणाऱ्या पेट्या), ज्यांना हेडफोनचा जॅक असतो आणि आत ड्रमचे ठेकेही असतात. नुकतीच सुरुवात केली असेल तर मी तिसऱ्याकडे झुकेन, कारण ठेका सोबत असला की सराव लांबतो.

कुठलाही घ्या, पण तो बेससाठीचा असू द्या. गिटारसाठीचे खालचे सूर मुद्दाम छाटतात, कारण गिटारला त्यांची गरज नसते. पाच तारांचा बेस असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची, कारण खालची बी ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरते. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेससाठी इनपुटचा विद्युत-अडथळा १ मेगाओहमच्या आसपास हवा. साध्या लाइन-इनमध्ये बेस खोचला तर वरची धार मरते आणि सूर मळकट येतो. अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या) बेसचा सिग्नल जोरदार असतो. जोरात ‘स्लॅप’ (अंगठ्याने तारेवर ठोका) मारून बघा: गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) कमी ठेवूनही आवाज चरचरला, तर तो अ‍ॅम्प सोडा.

कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या खऱ्या खोक्यासारखा आवाज घडवणारी सोय) असेल तर चालू आणि बंद, दोन्ही करून ऐका. खऱ्या बेस कॅबिनेटमधून वरची किणकिण फारशी बाहेर येत नाही. हेडफोन मात्र सगळं सांगतो, फ्रेटवर घासणाऱ्या तारेसकट. मनसोक्त वाजवायचं असेल तेव्हा ते चालू ठेवा. हात सुधारायचा असेल तेव्हा बंद करा. कारण तेव्हाच कळतं की डी वाजवताना खालची ए हळूच गुणगुणतेय. खोलीतल्या अ‍ॅम्पवर हे गुणगुणणं कुणाला ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र येतं. डाव्या हाताच्या बोटाने किंवा उजव्या अंगठ्याने ती तार दाबून ठेवायची सवय मला हेडफोनमुळेच लागली.

चौथी पायरी: सोबतीचं गाणं आणि ब्लूटूथ

गाणं किंवा मेट्रोनोम आत घ्यायला ऑक्स-इन किंवा ब्लूटूथ हवंच. इथे एक भेद नीट समजून घ्या. फोनवरचं गाणं ब्लूटूथने अ‍ॅम्पमध्ये आलं तर हरकत नाही. सगळं गाणं सारखंच उशिरा येतं आणि तुम्ही ऐकू येईल त्यावर वाजवता. पण अ‍ॅम्प ते हेडफोन हा टप्पा साध्या ब्लूटूथवर कधीही नको. सर्वसाधारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागे राहू शकतो. आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे तुमचा अ‍ॅम्प तीस-साठ मीटर दूर ठेवल्यासारखं झालं. मी सुरुवातीला महिनाभर तसाच सराव केला. लय सांभाळायला बोटं नकळत ठोक्याच्या आधी पडू लागली, आणि ती सवय मोडायला त्याहून जास्त वेळ गेला. बिनतारी हवंच असेल तर वाद्यासाठीच बनवलेला, कमी विलंबाचा संच घ्या. नाहीतर केबल.

हेडफोनच्या केबलचं टोक ३.५ मिलिमीटरचं आणि अ‍ॅम्पचा जॅक ६.३५ मिलिमीटरचा असेल तर अ‍ॅडॅप्टर स्टिरिओच घ्या. एकाच कानात आवाज येत असेल तर पहिला संशय मोनो अ‍ॅडॅप्टर किंवा मोनो जॅकवर घ्या.

पाचवी पायरी: घेण्याआधी वाजवून बघा

स्वतःचा बेस न्या. ई तारेपासून जी तारेपर्यंत एकेक फ्रेट सारख्याच जोराने वाजवत जा. एखादाच सूर उसळतो किंवा खचतो का, ते ऐका. मग मोकळी ई छेडून विझेपर्यंत थांबा. शेवटी उरेल ती सरसर अ‍ॅम्पची. गुणगुण येत असेल आणि चार्जिंग चालू असेल, तर चार्जर काढून बघा. विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झची असते, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण ईक्यूने (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या बटणांनी) कापायला गेलात, तर तुमचा सूरही कापला जाईल.

सहावी पायरी: आवाज किती ठेवायचा

हेडफोन घालण्याआधी आवाज शून्यावर आणा. मग आधी गाणं लावा, ते आरामात ऐकू येईल इतकं वाढवा, आणि त्यानंतर बेस हळूहळू त्याच्या जोडीला आणा. उलटा क्रम धरलात तर बेस पुरेसा वाटेपर्यंत वाढवता, मग त्याच्या बरोबरीने गाणं, मग पुन्हा बेस. कामाच्या ठिकाणी वापरली जाणारी एक मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास उरतो. हेडफोन काढल्यावर कानात शीळ वाजत असेल तर आवाज जास्तच होता. त्या दिवशी पुन्हा घालू नका.

अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर सराव संपल्यावर जॅकमधली केबल किंवा खोचलेला अ‍ॅम्प आठवणीने काढा. जॅकमध्ये काहीही असेपर्यंत बहुतेक बेसमधली ९ व्होल्टची बॅटरी चालूच राहते.