जुनी शिक्षा नोकरीच्या फॉर्मवर लिहायची असेल तर

"आधी शिक्षा झालीय का" हा रकाना आला की हात थांबतो, मग माणूस एकतर खोटं "नाही" लिहितो नाहीतर सगळी कहाणी ओततो.

१. प्रश्न नीट वाचा. अटक, चालू केस आणि शिक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत, विचारलंय तेवढंच लिहा.
२. कलम, तारीख, शिक्षा कोर्टाच्या निकालाच्या प्रतीवरून उतरवा, आठवणीवर नको, कारण कंपनी माहिती पडताळते तेव्हा एक तारीख जरी जुळली नाही तरी मुद्दाम लपवलं असंच वाटतं.
३. फॉर्मवर "माहिती सोबत जोडली आहे" एवढंच. वेगळ्या कागदावर चार ओळी, काय झालं, शिक्षा कधी संपली, त्यानंतर काय काम केलं, आणि बंद पाकिटात एचआरकडे.

काही देशांत ठरावीक वर्षांनी जुनी शिक्षा सांगावी लागत नाही, सही करायच्या आधी वकिलाला विचारून घ्या.