स्क्रीनकास्ट वर्गात वापरताना

मी स्प्रेडशीट शिकवते. सुरुवातीला माझा तास ठरलेला असायचा: मी पडद्यावर एकेक पायरी करून दाखवायची, मुलांनी आपापल्या संगणकावर तसंच करायचं. तिसऱ्या पायरीला मागून हाक यायची, "मॅडम, थांबा ना, माझं वेगळंच आलंय." थांबले की पुढची मुलं कंटाळायची, न थांबता शिकवलं की मागची मागेच राहायची. हातात माउस असल्यामुळे कुणाचं काय अडलंय हे जाऊन बघताही येत नव्हतं.

म्हणून स्क्रीनकास्ट करायला लागले, म्हणजे पडद्यावरचं काम आणि त्यासोबत माझं बोलणं, दोन्ही रेकॉर्ड करायचं. आता मुलं हेडफोन लावून बघतात, थांबवतात, मागे नेतात. मी बाकांमधून फिरते. जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये गैरहजर मुलांसाठी अशी रेकॉर्डिंग सुरू केली आणि पुढे घरी व्हिडिओ, वर्गात सराव अशी पद्धत बसवली. मी मात्र व्हिडिओसुद्धा वर्गातच बघायला देते. मुलं बघत असताना मला त्यांना बघायचं असतं.

का, ते सांगते. बी-१ या सेलमध्ये सवलतीचा दर, ए स्तंभात किमती, आणि सूत्र खाली ओढायचं, असा धडा होता. एक मुलगी तेच आठ-दहा सेकंद पुन्हापुन्हा मागे नेत होती. मी तिच्या मागे उभी राहून ऐकलं. रेकॉर्डिंगमध्ये मी म्हणत होते, "आणि हे असं पक्कं करून घ्यायचं." त्याच क्षणी मी एफ-४ दाबलं होतं आणि बी-१ च्या अक्षरा-आकड्यापुढे डॉलरची चिन्हं उमटली होती, म्हणजे सूत्र खाली ओढलं तरी बी-१ बदलत नाही. कळ दाबलेली पडद्यावर दिसत नाही. तिच्या दृष्टीने ती चिन्हं हवेतून आली होती. इतकी वर्षं मी "हे", "इथे", "असं" म्हणत शिकवत होते, आणि ते मला तेव्हा ऐकू आलं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कळीचं नाव घेते, मेनूचं नाव घेते, कर्सर तिथे नेऊन क्षणभर थांबवते आणि मगच क्लिक करते. नवीन असाल तर एवढी एक सवय लावून घ्या, बाकीचं हळूहळू जमतं.

लांबीबद्दल मी आग्रही आहे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास मांडला. व्हिडिओ कितीही मोठा असो, बघणारे साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. माझी पहिली रेकॉर्डिंग वीस मिनिटांची होती. आता एका व्हिडिओत एकच गोष्ट.

साधनांवर फार वेळ घालवू नका. ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मॅकवर कमांड-शिफ्ट-५ दाबलं तरी काम होतं. चित्रापेक्षा आवाजाकडे जास्त लक्ष द्या: माइक तोंडाजवळ, पंखा बंद. अक्षरं मोठी करा आणि नोटिफिकेशन आधी बंद करा. माझा एक खासगी मेसेज एकदा अख्ख्या वर्गाने वाचलाय.

रेकॉर्ड करताना चूक झाली तर लगेच पुसू नका. सूत्र चुकलं, उत्तर शून्य आलं, मग मी कुठे बघितलं आणि कसं शोधलं, हे मुलांना दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं. मी असा एखादा तुकडा मुद्दाम ठेवते.

वहीवर लाल शेरे मारण्याऐवजी मुलाची फाइल उघडून दोन मिनिटं बोललेलं रेकॉर्डिंग पाठवूनही बघा. आणि वर्षाच्या मध्यावर मुलांनाच एकेक मिनिटाचं स्क्रीनकास्ट करायला सांगा. कुणाला किती समजलंय ते परीक्षेपेक्षा त्यातून लवकर कळतं, कारण पाठ केलेलं मूल कर्सर हलवताना अडखळतं.

त्या मुलीने डॉलरच्या चिन्हाचाच विषय घेतला होता. तिचं रेकॉर्डिंग असं सुरू होतं: "आता मी एफ-४ दाबतेय. तुमच्या लॅपटॉपवर नुसतं चाललं नाही, तर एफएन धरून दाबा. मी थांबते."