नोरा जाताना नक्की काय म्हणाली? निरोप परत वाचायची एक पद्धत

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं 'अ डॉल्स हाऊस' (१८७९) म्हटलं की सगळ्यांना नायिका नोरा घर सोडून जाताना आपटलेलं ते दारच आठवतं, खालून धाडकन आवाज आणि नाटक संपलं. मला वाटतं त्या आवाजात नोरा आणि तिचा नवरा हेल्मर यांचं शेवटचं बोलणं पार बुडून जातं, आणि ते परत वाचायलाच हवं.

आधी निरोपातला एक शब्द धरायचा आणि तो घेऊन नाटकात मागे मागे जायचं. इथे तो शब्द 'चमत्कार'. दुसऱ्या अंकात नोरा त्याचीच वाट बघत असते, म्हणजे तिने खोटी सही करून कर्ज काढलंय हे बाहेर आलं की नवरा पुढे होऊन सगळा दोष स्वतःवर घेईल, आणि त्याचीच तिला भीतीपण वाटते. प्रत्यक्षात हे बिंग फोडणारं पत्र वाचून तो तिलाच वाट्टेल ते बोलतो. मग शेवटी ती जेव्हा 'सगळ्यात मोठा चमत्कार' म्हणते तेव्हा शब्द तोच पण अर्थ बदललाय, आता एकट्या नवऱ्याने काही करून भागणार नाही, दोघांनी बदलायला हवं, आणि लगेच म्हणते की माझा आता चमत्कारांवर विश्वास नाही.

नंतर हातातल्या वस्तू बघा. ती अंगठी परत देते, त्याची मागून घेते, किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगते, पत्रंसुद्धा पाठवायची नाहीत म्हणते. एवढं सगळं मिटवून निघालेली बाई परत येईन असं सुचवत असेल हे मला तरी पटत नाही.

मग ते वाक्य आपल्या मराठीत म्हणून बघा. मूळात ती म्हणते की आपलं सहजीवन हे लग्न होईल इतकं बदलायला हवं. आपल्याकडे लग्न म्हणजे एक दिवसाचा समारंभ, त्यामुळे मी ते 'आपल्या एकत्र राहण्याचा संसार होईल' असं वाचते, आणि आठ वर्षं आणि तीन मुलं झाल्यावर हे ऐकताना काळजात चर्र होतं.

जर्मनीत नायिकेचं काम करणाऱ्या नटीने असा शेवट करायला नकार दिला म्हणून इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहिला, त्यात मुलांकडे बघून नोरा थांबते. तो शेजारी ठेवून वाचा, थांबली की चमत्काराची अटच गळून पडते.

आणि हेल्मरला विसरू नका. ती गेल्यावर तो तोच शब्द एकटा उच्चारतो, पुढे प्रश्नचिन्ह. एकदा आशेने मोठ्याने म्हणा, एकदा काहीच न कळल्यासारखं, आणि दोन्ही वेळा पाठोपाठ दार ऐका.