एनएमआरने मोनोमरचे रूपांतरण मोजताना दोन स्पंदांमधील विराम वाढवा

मिथाइल मेथॅक्रिलेटच्या पॉलिमरीकरणात किती मोनोमर (साखळी बनवणारा छोटा रेणू) वापरला गेला, म्हणजेच रूपांतरण किती झाले, हे प्रोटॉन एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात रेडिओ-लहरींचे स्पंद देऊन हायड्रोजनच्या केंद्रकांचे संकेत टिपणारे तंत्र) शुद्धीकरण न करताही काढता येते. अभिक्रिया-मिश्रणाचा थेंब ड्युटेरेटेड (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवावा. उरलेल्या मोनोमरचे द्विबंधाजवळचे प्रोटॉन सुमारे 5.56 आणि 6.10 पीपीएमला (वर्णपटातील स्थानाचे एकक) स्वतंत्र दिसतात. मेथॉक्सी गटाचे शिखर मोनोमरमध्ये 3.75 च्या आसपास, तर पॉलिमरमध्ये 3.60 च्या आसपास येते. ही दोन शिखरे वेगळी करण्याच्या खटाटोपात न पडता दोन्हींचे एकत्र क्षेत्रफळ 300 धरावे; मेथॉक्सीत तीन प्रोटॉन असल्याने एका प्रोटॉनला 100 येतात, म्हणजे एका प्रोटॉनच्या 5.56 च्या शिखराचे क्षेत्रफळ 35 आल्यास रूपांतरण 65 टक्के होते.

खरी मेख मात्र विरामाच्या काळात असते. मोनोमरचा छोटा, चपळ रेणू पॉलिमरच्या साखळीपेक्षा बराच सावकाश शिथिल होतो, म्हणजे त्याचे प्रोटॉन स्पंदानंतर मूळ स्थितीत उशिरा परततात. त्यामुळे यंत्रात आधीपासून भरलेला एक-दोन सेकंदांचा विराम तसाच ठेवला, तर मोनोमरचे शिखर प्रत्यक्षाहून लहान भरते आणि रूपांतरण फुगते. 90 अंशांचा स्पंद वापरत असाल तर सर्वांत संथ प्रोटॉनच्या शिथिलन काळाच्या किमान पाचपट थांबावे. तो काळ माहीत नसल्यास विराम दुप्पट करून पुन्हा मोजावे. गुणोत्तर बदलले, तर आधीचा विराम अपुरा होता.

मोनोमर बाष्पनशील असल्याने नमुना उघडा ठेवू नये, आणि विद्रावक उडवून लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्याबरोबर मोनोमरही जातो आणि मग कितीही लांब विराम ठेवला तरी उपयोग नसतो.